गेम रेकॉर्ड करायचा म्हणजे नेमकं काय टिपायचं?

पीसीवर गेम खेळायचा आणि त्याच पीसीवर तो रेकॉर्डही करायचा, यात एक जुनी गोची आहे. रेकॉर्डिंग सुरू केलं की प्रोसेसर आणि डिस्कवर भार येतो, गेमचा फ्रेमरेट पडतो, आणि तुम्ही जो टिपता तो मूळ खेळ राहतच नाही. मोजण्याच्या क्रियेनेच मोजमाप बिघडतं! पुढे गेमच्या व्हिडिओंवर संशोधन करायचा विचार असेल, तर ही गोची आधी कशी कशी सोडवली गेली ते बघा.

१९९३च्या 'डूम'ने चित्र टिपायचं टाळलंच. एका खेळाडूच्या डेमो फाइलमध्ये पुढे-मागे, बाजूला, वळण आणि बटणं, एवढंच असतं. प्रत्येकी एक बाइट. गेमचं घड्याळ सेकंदाला ३५ टिक चालतं. म्हणजे सेकंदाला फक्त १४० बाइट. एवढ्यावर अख्खा खेळ पुन्हा उभा राहतो, कारण 'डूम'मधले यादृच्छिक आकडेसुद्धा २५६ आकड्यांच्या ठरलेल्या तक्त्यातून येतात. (नाव यादृच्छिक, काम पाढ्यांसारखं.) मात्र नकाशा बदलला की डेमोतला खेळाडू भिंतीला धडका देत बसतो.

आता चित्राचा हिशोब करा. १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट: एक फ्रेम सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तर ३७ कोटी. २०१०च्या आसपास साध्या हार्ड डिस्कने यातले १०-१५ कोटी लिहिले तरी खूप झालं. १९९९ साली आलेलं फ्रॅप्स लोकांना आठवतं ते याचमुळे. त्याचं कॉम्प्रेशन मुद्दाम हलकं होतं; प्रोसेसर वाचायचा, पण डिस्क बघता बघता भरायची.

मला सगळ्यात हुशार वाटते ती 'क्वेक ३ अरीना'ची युक्ती. आधी खेळा, डेमो साठवा. नंतर तो चालवताना 'सीएल एव्हीआयडेमो' ही आज्ञा द्या. मग गेमचं घड्याळ खऱ्या वेळेने चालत नाही. ६० सांगितलं तर एक फ्रेम डिस्कवर लिहून झाली की १/६० सेकंद पुढे सरकतं. एका फ्रेमला दोन सेकंद लागले तरी बिघडत नाही. रखडत चालणाऱ्या पीसीवरही लोण्यासारखा व्हिडिओ तयार!

पुढे एन्कोडिंगसाठी चिपवरच वेगळी जागा आली: २०११मध्ये इंटेलचं क्विक सिंक, २०१२मध्ये एनव्हिडियाचं केप्लर, आणि त्यावर २०१३मध्ये शॅडोप्ले. भार शून्य झाला नाही, पण जाणवेनासा झाला.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. यूट्यूबवर ६० फ्रेमचे व्हिडिओ ऑक्टोबर २०१४पासून दिसू लागले. त्याआधी मर्यादा ३०ची. म्हणजे २०१०च्या यूट्यूब व्हिडिओवरून खेळाडूचा प्रतिक्रिया-काळ काढायचा म्हटलं, तर दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांची पोकळी आहे. आणि डेमोतून बनवलेल्या गुळगुळीत व्हिडिओत खेळाडूला त्या वेळी स्क्रीनवर किती फ्रेम दिसत होत्या, ही माहिती नसतेच. तेव्हा व्हिडिओसोबत मूळ डेमो मिळतोय का ते आधी शोधा, आणि मिळाला तर तो गेमच्या कोणत्या आवृत्तीचा आहे हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.