रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममधील रांग

रांग किंवा क्यू ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एका टास्ककडून दुसऱ्या टास्ककडे माहिती सुरक्षितपणे पोहोचवण्याची व्यवस्था होय. तीत आधी ठेवलेला घटक सर्वसाधारणपणे आधी बाहेर काढला जातो. रिचर्ड बॅरी यांनी विकसित केलेल्या आणि मायक्रोकंट्रोलरवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या फ्रीआरटीओएस या प्रणालीतील रांगेचे वर्णन पुढे दिले आहे.

आवश्यकता

अशा प्रणालीत अनेक टास्क एकाच प्रोसेसरवर आळीपाळीने चालतात. अधिक प्राधान्याचा टास्क सज्ज होताच चालू टास्क मध्येच थांबवला जातो. त्यामुळे दोन टास्कनी एकच संख्या थेट सामाईक ठेवल्यास ती अर्धवट बदललेली असताना वाचली जाण्याचा धोका असतो. उदाहरणार्थ, ८ बिटांचा प्रोसेसर १६ बिटांची संख्या दोन टप्प्यांत लिहितो. २५५ च्या जागी २५६ लिहिताना पहिल्या टप्प्यानंतर लगेच वाचन झाले, तर कोणता बाइट आधी लिहिला गेला त्यानुसार ० किंवा ५११ ही चुकीची संख्या मिळते.

कार्यपद्धती

रांग निर्माण करतानाच तिची लांबी व प्रत्येक घटकाचा आकार ठरवावा लागतो. ४ बाइटांच्या १० घटकांसाठी ४० बाइट लागतात. व्यवस्थापनाची मेमरी वेगळी. पाठवलेल्या घटकाची प्रत रांगेत साठवली जाते, म्हणून पाठवणारा टास्क आपली मूळ जागा लगेच पुन्हा वापरू शकतो. माहिती मोठी असल्यास केवळ तिचा पॉइंटर पाठवता येतो. मात्र वाचन पूर्ण होईपर्यंत मूळ माहिती बदलता कामा नये.

रांग रिकामी असल्यास वाचणारा टास्क ठरवलेल्या मुदतीपर्यंत थांबू शकतो. या काळात तो प्रोसेसरचा वेळ घेत नाही. अनेक टास्क थांबलेले असल्यास सर्वाधिक प्राधान्याचा टास्क प्रथम जागा होतो. प्राधान्य समान असल्यास सर्वाधिक काळ थांबलेला. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला थांबता येत नसल्यामुळे त्यासाठी स्वतंत्र फंक्शन्स असतात.

मर्यादा

माहिती उपसण्याच्या वेगापेक्षा ती येण्याचा वेग सतत अधिक राहिला, तर कितीही लांब रांग अखेर भरतेच. मुदतीत जागा न झाल्यास पाठवणे अयशस्वी ठरते. प्रोग्रामने ते तपासले नाही, तर माहिती नकळत गमावली जाते. तापमानासारख्या मोजमापात केवळ ताजी किंमत पुरेशी असते. तेथे एकाच घटकाची रांग ठेवून जुन्या किमतीवर नवी लिहिता येते. कळफलकावरील प्रत्येक कळ मात्र महत्त्वाची असल्याने तेथे पुरेशी लांबी आवश्यक ठरते.