वस्ताद, वैद्य आणि वऱ्हाडातील व्यायाम

अमेरिकेत डॉ. हेन्री विल्यम्स यांनी १९०० ते १९२१ या काळात मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ घडवला आणि त्याच वेळी वैद्यकीय व्यवसायही सांभाळला. उपचार आणि खेळाचे शिक्षण एकाच हाती असण्याची ही रीत वऱ्हाडाला मात्र नवी नव्हती. मोर्णाकाठच्या जुन्या अकोल्यासारख्या वस्त्यांत कुस्ती शिकवणारा वस्ताद, म्हणजे आखाड्याचा गुरू, हौद्यातल्या तांबड्या मातीत पट्ठ्याचा खांदा निखळला तर तेल चोळून, हात बेताने ओढून तो जागच्या जागी बसवीत असे. अंदाजाने चालणाऱ्या या विद्येत धोका होताच, पण तिला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान आखाडा काढला आणि त्यातूनच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहून आखाड्याच्या विद्येला शाळेची शिस्त लाभली. मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मंडळाशी निगडित असलेले होमिओपॅथ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी पुढे अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसवले.