जीवाश्म

हा शब्द फोडला की दोन तुकडे पडतात, जीव आणि अश्म. अश्म म्हणजे दगड. अश्मयुगातला तोच, आणि वैद्यांच्या 'अश्मरी'तला, म्हणजे मुतखड्यातलाही. इंग्रजांचा 'फॉसिल' लॅटिनमधून आला. अर्थ नुसताच 'खणून काढलेलं'. आपला शब्द जास्त नेमका, असं माझं मत.

नंदुरबारात अश्म उदंड. माळावर काळ्या दगडाच्या भिंती लांबवर गेलेल्या दिसतात. जमिनीच्या भेगांत गोठलेला लाव्हा तो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात हाडं टिकायची कशी? जीव शोधायचा तर लाव्ह्याखालच्या किंवा मधल्या गाळात. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेचं नाव मिरवणारा मांसाहारी डायनोसॉर 'राजासॉरस नर्मदेन्सिस' सापडला तो गुजरातेत, रहिओलीला. बारसं झालं २००३ साली.

आपल्याकडे मान चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेणाचा! तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले, आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, हा समज २००५ मध्ये मोडला. या ऐवजाला पंडित 'विष्ठाश्म' म्हणतात. 'शेणाश्म' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?