पिंपळे सौदागरचा जमाखर्च : विद्यापीठ गावात गेले तेव्हा

१/ आज उंच इमारतींत हरवलेले पिंपरी-चिंचवडमधील पिंपळे सौदागर एके काळी शेतकऱ्यांचे लहान गाव होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी तेथील प्रत्येक घराचा जमाखर्च मांडला.

२/ या पाहणीचे सूत्रधार होते प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या शेतीवरील संशोधनानंतर ते १९०७ साली पुण्यास आले होते.

३/ शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर लग्नकार्यांतील उधळपट्टीवर फोडण्याची रीत तेव्हा रूढ होती. मॅन यांनी निराळाच प्रश्न विचारला : मुळात या जमिनीवर हे कुटुंब जगू शकते काय?

४/ जुन्या नोंदींशी तुलना करता चित्र उघड झाले. १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर. वाटण्या होता होता शेते विखुरली होती. अनेक तुकडे एकराहूनही लहान होते.

५/ १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर होई. बाहेरच्या मजुरीमुळे आणखी २८ कुटुंबे तरत. उरलेल्या ६७ घरांत मिळकत गावच्या साध्या राहणीलाही पुरत नसे.

६/ १९१७ साली हा अभ्यास मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. परंतु पुण्याला लागून असलेले गाव साऱ्या दख्खनचे प्रतिनिधी कसे मानावे? म्हणून मॅन आणि कानिटकर यांनी शहरापासून दूर, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक निवडले. १९२१ च्या त्या ग्रंथातील निष्कर्ष अधिकच विदारक होता : सुमारे ८५ टक्के कुटुंबांची आर्थिक स्थिती डळमळीत.

७/ याच प्रश्नावर १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून भागणार नाही. शेतीवरील माणसांचा अतिरिक्त भार उद्योगांकडे वळवला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

८/ १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. त्याने जमिनीच्या आकाराला हात घातला. तिच्यावरील भाराला नाही. मॅन यांच्या पाहणीने एकाही घराचे कर्ज फिटले नाही. मात्र दारिद्र्य हा शेतकऱ्याचा स्वभावदोष नसून जमिनीचे न जुळणारे गणित आहे, हे तिने आकड्यांनिशी दाखवले. त्या गणिताचा आंबेडकरांनी दाखवलेला अर्धा भाग आजही सुटलेला नाही.