बेडी आणि लाल पागोटे

अंदमान म्हटले की आपणां पुणेकरांना सावरकर व सेल्युलर जेल आठवतात. आम्ही त्याच्याही आधीची हकीकत सांगतो. १८५७ च्या उठावातला शिपाई दूधनाथ तिवारी, काळ्या पाण्यावरील कैदी क्रमांक २७६, एप्रिल १८५८ मध्ये पळाला. रानात सोबती बाणांनी पडले. त्या जखमी माणसाला मात्र अंदमानी लोकांनी जगविले, लिपा नावाची बायकोही दिली. वर्षभर तो त्यांच्यातलाच होऊन हिंडला.

एप्रिल १८५९ मध्ये हे लोक वसाहतीवर चालून आले. पायांत बेडी असलेल्यांना त्यांनी हात लावला नाही; लाल पागोटेवाले मुकादम तेवढे हुडकले. ही पारख त्यांना कोणत्या युनियनने शिकविली होती?

मे महिन्यात ॲबर्डीनवर मोठा हल्ला ठरला. दूधनाथने आधीच येऊन सुपरिंटेंडेंट वॉकरला खबर दिली. बंदुकांपुढे बाण टिकले नाहीत. आम्ही ह्याला फितुरीच म्हणू. पण पळालेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना १८५८ मध्ये ह्याच वॉकरने फाशी दिले होते, आणि दूधनाथही पळालेलाच होता. १८६० मध्ये त्याला माफी मिळाली.

तो निघून आला तेव्हा लिपा गरोदर होती.