गुडघेदुखीची शिरगणती

खर्ड्याहून जामखेड, करमाळा करीत भीमेकडे निघालात तर वाटेत बराचसा ज्वारीचा मुलूख लागतो. खुरपणी उकिडवे बसून, काढणी कमरेत वाकून. अशा भागात पन्नाशीच्या बाईने "गुडघे धरलेत" म्हटले, तर घरात कोणी दचकत नाही. वाताचे दुखणे म्हणायचे आणि कामाला लागायचे.

हे दुखणे आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखीचे आहे. चरकसंहितेत सुजलेला सांधा हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा हाताला लागतो, असे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत तर सुजलेल्या गुडघ्याला 'क्रोष्टुकशीर्ष' असे नाव आहे. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. वर-खाली मांडी व पोटरी रोडावलेली आणि मध्ये गुडघा फुगलेला, असा पाय पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटेल.

पण व्यवहारात मात्र 'संधिवात' या एकाच पिशवीत अनेक रोग कोंबले गेले. युरोपातही तेच होते. लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी 1859 मध्ये 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव रूढ केले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्यांचे चिरंजीव आर्चिबाल्ड यांनी अस्थिसंधिवात त्यापासून वेगळा काढला. हा फरक केवळ नावाचा नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सुजतात, सकाळी तासभर हात वळत नाहीत. अस्थिसंधिवातात हाडांच्या टोकांवरची कूर्चा खराब होते, कडेने हाड वाढते. पहिल्यात वेळीच औषध मिळाले नाही, तर सांधे कायमचे वाकडे होतात.

मग आपल्या खेड्यांत कोणता रोग किती? दवाखान्यातल्या नोंदींवरून हे कळत नाही, कारण तिथे जो पोहोचतो तोच मोजला जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1981 मध्ये 'कॉपकॉर्ड' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याची पद्धत अगदी साधी आहे. घरोघर जायचे, विचारायचे, माणसाच्या आकृतीवर दुखरी जागा दाखवायला सांगायची आणि ज्यांना दुखते त्यांना डॉक्टरांनी तपासायचे. महागडी यंत्रे नंतर.

महाराष्ट्रात हे काम 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी भिगवणला केले. (उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी पाहायला आपण मुलांना नेतो, तेच हे गाव.) चार हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. सुमारे 18 टक्क्यांना हाडा-स्नायूंचे दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइडचे प्रमाण साधारण अर्धा टक्का भरले. अस्थिसंधिवात त्याच्या कित्येक पट. अर्धा टक्का किरकोळ वाटतो ना? वर्गात गणित मांडून पाहा: दहा हजार प्रौढांमागे पन्नास माणसे. ती 'वात' म्हणून घरीच राहिली, तर नुकसान त्यांचेच.

त्यांच्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. अस्थिसंधिवातात झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अजून नाही. "गादी झिजली, आता काय करणार" हे वाक्य मात्र मला अर्धवट वाटते. कूर्चेत मज्जातंतू नसतात. वेदना येते ती हाडातून, अस्तरातून, भोवतालच्या ऊतींतून. म्हणूनच क्ष-किरण चित्रात बरीच झीज दिसूनही एखादा आजोबा खुशाल चालतो, तर दुसऱ्याला थोड्या झिजेतही जिना चढवत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, वजन कमी करणे आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी यांनी वेदना खरोखर कमी होते.

यातले काही पुरेनासे झाले की कृत्रिम सांधा. पंतप्रधान वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर 2000 मध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा ती घरोघरी माहीत झाली. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांत राणावत स्वतः होते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची तेव्हा 54,720 रुपये, कर वेगळा. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना चालता येते, जिना चढता येतो. उकिडवे बसणे मात्र सहसा टाळायला सांगतात, आणि खुरपणी तर उकिडवे बसूनच होते.