नगररचनेचे शिक्षण : गेडीसची पाहणीपद्धती

नगरातील वस्ती, रस्ते, पाणीपुरवठा, मोकळ्या जागा व उद्योग यांची मांडणी पुढील पिढ्यांनाही पुरेल व पेलेल अशा रीतीने कशी करावी, हे विद्यार्थ्यांना शिकविण्याची एक पद्धती. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ च्या ब्रुंटलान आयोगाच्या अहवालानंतर सर्वतोमुखी झाली. तथापि तिच्यामागील शैक्षणिक विचार पुष्कळ जुना असून त्याचा प्रमुख प्रवर्तक सर पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ होय.

विद्यापीठीय विषय म्हणून नगररचनेस १९०९ मध्ये लिव्हरपूल येथे प्रथम स्थान मिळाले. साबणाचा कारखानदार विल्यम लीव्हर याने वृत्तपत्रांविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यांतून मिळालेली रक्कम त्यासाठी दिली. तेथील अध्यापनाचा पाया वास्तुकलेचा होता. विद्यार्थ्याने भव्य रस्ते, चौक व सार्वजनिक इमारती यांचे समतोल आराखडे काढावेत, अशी अपेक्षा असे. नगरात आधीपासून राहणारी माणसे या आराखड्यांत क्वचितच दिसत.

गेडीसचा मार्ग वेगळा होता. तो वास्तुविशारद नव्हता. डंडी येथे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्याची दृष्टी काही काळ अधू झाली. सूक्ष्मदर्शकावरील काम त्यामुळे सुटले आणि पुढे त्याचे लक्ष मानवी वसाहतींकडे वळले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले (१८०६–८२) याच्याकडून त्याने स्थळ, काम व लोक ही त्रयी घेतली. सजीव जसा परिसरापासून तोडून समजत नाही, तसे नगरही त्याच्या नदीखोऱ्यापासून तोडून समजत नाही, हा त्याचा सिद्धांत. म्हणून आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार, असा वैद्याचा क्रम त्याने नगररचनेस लावला.

या विचाराची पाठशाळा म्हणजे एडिंबरोतील ‘आउटलुक टॉवर’ ही इमारत. ती त्याने १८९२ मध्ये घेतली. पाहणाऱ्यास प्रथम गच्चीवर नेत. तेथे अंधाऱ्या खोलीतील भिंगाच्या योगाने शहराचे हलते प्रतिबिंब पांढऱ्या मेजावर उमटे. मग एकेक मजला उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, इंग्रजी भाषक देश, यूरोप व अखेर जग यांची माहिती मिळे. डोळ्यांसमोरच्या गल्लीपासून जगापर्यंतचा हा उलटा प्रवास हेच त्याच्या अध्यापनाचे सार होते.

१९१४ मध्ये तो भारतात आला, तेव्हा त्याचे नगरप्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी नव्याने साहित्य जमवून पाठविले आणि १९१५ मध्ये मद्रास येथे ते मांडले गेले. पुढील काही वर्षांत त्याने अनेक नगरांचे अहवाल लिहिले. त्या काळी सुधारणा म्हणजे दाट वस्ती पाडून सरळ रस्ता काढणे, असे समीकरण होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाचे कार्यही बव्हंशी याच धर्तीचे होते. पाडलेल्या घरांतील गरिबांची शेजारच्या गल्लीत अधिकच दाटी होई. गेडीस मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून तेथे अंगण, झाड वा विहीर यांस जागा देई. या पद्धतीस त्याने ‘संरक्षक शस्त्रक्रिया’ म्हटले. तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीबाबत या उपायाचा खर्च अभियंत्यांच्या योजनेच्या सुमारे एक-षष्ठांश येईल, असे त्याने दाखविले.

त्याची लोकशिक्षणाची हातोटी इंदूरमध्ये विशेष दिसली. होळकर संस्थानात प्लेगची भीती असताना त्याने दिवाळीची मिरवणूक योजली आणि ज्या भागात सर्वाधिक घरे झाडूनपुसून दुरुस्त होतील त्या मार्गाने ती जाईल, असे जाहीर केले. घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा मिरवणुकीत होत्या; सफाई कामगारांनाही तीत मानाने चालविले. इंदूरचा त्याचा द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये निघाला.

मुंबई विद्यापीठात १९१९ ते १९२४ या काळात तो समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा पहिला प्राध्यापक होता. वक्ता म्हणून तो दुर्बोधच; दाढीत पुटपुटत विषयांतर करण्याची त्याला खोड होती. त्याने निवडून इंग्लंडला पाठविलेले गो. स. घुर्ये (१८९३–१९८३) १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले. त्यांनी हा विषय मानवशास्त्र व समाजशास्त्र यांकडे वळविला. त्यामुळे नगररचनेचा धागा तेथे फारसा टिकला नाही, ही मोठी हानी होय.

स्वातंत्र्योत्तर काळात दिल्ली येथे १९५५ मध्ये नगर व ग्राम नियोजनाचे विद्यालय निघाले आणि १९७२ मध्ये अहमदाबादेत बा. वि. दोशी (१९२७–२०२३) यांच्या पुढाकाराने नियोजनविद्यालय सुरू झाले. पाहणी हा अशा अभ्यासक्रमांचा अनिवार्य भाग असतो. मात्र सत्राच्या ठराविक आठवड्यांत ती उरकावी लागते आणि विहिरी, नाले व भाडेकरू यांची चौकशी करण्यापेक्षा नकाशा रंगविण्यात विद्यार्थ्याचा वेळ अधिक जातो. गेडीसच्या भारतीय अहवालांतील वेचे जॅक्लीन टिरव्हिट (१९०५–८३) हिने १९४७ मध्ये संपादित केले. मुंबई इलाख्यातील सहा नगरांवरील त्याच्या १९१५ च्या अहवालांचे पुनर्मुद्रण महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये केले.